मास्तरांचे पुढचे दोन दात

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या वडिलांचे आहेत. त्यांचं नाव दत्तू. आमच्या तालुक्याच्या गावात ते लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट वाजवतात. इतकं साधं पहिल्यांदा लिहायला मला वयाची अठ्ठाविशी उलटावी लागली, आणि त्याआधी मस्कतमधल्या एका म्हाताऱ्या माणसाला आपले पुढचे दोन दात गमवावे लागले. हा लेख त्या म्हाताऱ्यावर आहे. वडिलांकडे मी शेवटी येतो.

मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. मग दातांच्या कवळ्या बनवण्याचा कोर्स केला आणि मस्कतला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागलो. वादी अदाईत तिसऱ्या मजल्यावर एक खोली दोघांत मिळाली. पहिल्याच सकाळी साडेसहाला वरून ट्रम्पेटचा सूर आला. एकच सूर, लांब, जराही न हलणारा. मी चहाचं पाणी गॅसवर ठेवलं तेव्हा तो सुरू झाला. पाणी उकळेपर्यंत चार वेळा श्वास घेण्यापुरता थांबला असेल, पुन्हा तिथूनच सुरू.

खोलीतला जोडीदार चिपळूणचा होता, एसी दुरुस्तीचं काम करायचा. तो पांघरुणातून म्हणाला, "वर एक म्हातारा आहे. बाजावाला. होईल सवय."

मला सवय होती. अडचण तीच होती.

त्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. ओमानी लोक उस्ताद म्हणत. वय ब्याऐंशी. काटकुळी अंगकाठी, चापून बसवलेले केस आणि बूट असे चमकवलेले की जिना चढताना आधी बूट दिसत, मग मास्तर. एकदा मी विचारलं, एवढी पॉलिश कशासाठी. म्हणाले, "हॉटेलात स्टेज उंच असतं. खाली नाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आपला चेहरा नसतो, बूट असतात." त्यांनी हॉटेलात वाजवणं सोडून तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.

शर्टाच्या डाव्या खिशात रुमालात गुंडाळून ते ट्रम्पेटचा माउथपीस ठेवायचे, म्हणजे जिथे ओठ लावतात तो पुढचा पितळी तुकडा. तो अंगाच्या उबेत राहिला पाहिजे, थंड धातू ओठाला लावायचा नाही, असा त्यांचा नियम. मस्कतच्या उन्हात धातू थंड कुठून राहणार, असं मी म्हटलं. "तुझ्या दवाखान्यातल्या एसीत ठेवून बघ म्हणजे कळेल," ते म्हणाले.

आमची पहिली भेट जिन्यातच झाली.

"नवीन इलंस?"

"हो."

"काय करतंस?"

"दात बनवतो. कवळ्या."

"मग माझ्यापासून लांब रव," ते म्हणाले आणि ओठ वर करून दाखवलं. पुढचे दोन दात, पिवळट. डावा जरा बाहेर आलेला आणि उजव्यावर तिरका चढलेला, दोघांच्या मध्ये खाली बारीकशी फट. "हे दोन बघून ठेव. साठ वर्षं ह्यांनी माका पोसल्यानी."

मग लगेच पुढचा प्रश्न. "तुझो बापूस काय करता?"

"शेती," मी म्हणालो.

आमच्याकडे शेत नव्हतं. कॉलेजच्या फॉर्मवरसुद्धा मी वडिलांचा व्यवसाय शेती असाच लिहीत आलो होतो. त्यामुळे तो शब्द न अडखळता यायचा.

साध्या मराठीखेरीज मास्तरांची भाषा तीन प्रकारची होती. राग आला किंवा माया आली की मालवणी, शिकवायचं असेल तर हिंदी, आणि फार खूश झाले की बँडमधल्या जुन्या लोकांचं मोडकंतोडकं इंग्रजी. मालवणीत बोलले तर राग की माया ते समोरच्याने ओळखायचं.

कुठलीही गोष्ट ते मोजल्याशिवाय सुरू करत नसत. सोफा उचलायचा असो, रस्ता ओलांडायचा असो, की जेवायला बसायचं असो, "वन, टू, वन-टू-थ्री-फोर" झाल्यावरच हालचाल. वादी अदाईच्या मोठ्या रस्त्यावर मी त्यांच्याबरोबर उभा असायचो, समोर गाड्या थांबलेल्या असायच्या, ड्रायव्हर हाताने "यल्ला, यल्ला" करत असायचा आणि मास्तर शांतपणे मोजत असायचे. पण एकदा मोजून झालं की दोघांची पावलं एकदम पडायची. इमारतीतला फ्रिज खाली नेताना आम्ही चौघे होतो, चार भाषांचे. मास्तरांनी मोजलं आणि फ्रिज कुणाच्याही बोटावर न येता खाली पोचला. चिपळूणकर म्हणाला, "मास्तर, तुम्ही हमाल हवे होतात." मास्तरांना ते फार आवडलं.

पुढच्या दातांनी ते काही खात नसत. सफरचंद पातळ काप करून, चपाती चहात बुडवून, शेंगदाणे कधीच नाही. "हे दात खाण्यासाठी नसतत, कमावण्यासाठी असतत," म्हणायचे. कुणी चिक्की पुढे केली तर बंदूक रोखल्यासारखे मागे सरकत.

शुक्रवारी ते मला मत्रहला घेऊन जात. बंदराच्या कठड्यावर बसून जहाजांचे भोंगे ऐकत आणि प्रत्येकाचा सूर सांगत. "हा जरा उतरलेला आहे. कॅप्टन आळशी असणार." आमच्या खोलीतला एसीही बेसूर होता, त्यांच्या मते. चिपळूणकराला त्यांनी जिन्यात थांबवून सांगितलं, "तुझो कंप्रेसर अर्धो सूर खाली बसता. झोप लागत नसतली." तो रागावला, पण त्याने उघडून पाहिलं तर आत एक स्क्रू खरोखर सैल होता.

स्विंग, म्हणजे नाचाच्या बँडची झुलती लय, त्यांनी मला मत्रहच्या रस्त्यावर शिकवली. मला संगीतातलं काही कळत नाही असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"चल. सीधा चल. एक, दो, एक, दो. ऐसे मिलिटरी चलती है. अब थोडा टेक के चल, जैसे शाम को घर जा रहा है और घर में मच्छी बनी है."

मी तसा चाललो.

"बघ," ते म्हणाले, "पावला तितकीच. पण आता रस्तो तुझो झालो."

मास्तर सोळाव्या वर्षी सावंतवाडीजवळच्या गावातून मुंबईला गेले. गावातल्या एका पाद्रीबाबांनी शाळेच्या बँडसाठी त्यांना ट्रम्पेट शिकवलं होतं. समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात सोळा माणसांचा नाचाचा बँड होता. त्यात तिसऱ्या ट्रम्पेटची जागा रिकामी झाली आणि हे परीक्षेला उभे राहिले. वाजवून दाखवलं, घेतले गेले. चार महिने ते समोर कागद ठेवून रोज वाजवत होते. मग एका संध्याकाळी बँडलीडर मागून चालत आला आणि थबकला.

"तुझा कागद उलटा आहे," तो इंग्रजीत म्हणाला.

मास्तरांनी पाहिलं. खरंच उलटा होता.

"गाणं सरळ आहे ना, सर?"

त्यांना नोटेशन येतच नव्हतं. सगळी गाणी त्यांनी शेजारच्या दोघांची ऐकून पाठ केली होती. बँडलीडरने त्यांना काढलं नाही. दुसऱ्या ट्रम्पेटवर एक वयस्कर गोंयकार होता, त्याच्या हवाली केलं. त्याने सहा महिन्यांत वाचायला शिकवलं. मास्तर म्हणायचे, "वाचूक येऊक लागला आणि पहिल्यांदा चुकलंय."

मात्र त्यांचं गावचं नाव हॉटेलच्या फलकावर चालणार नव्हतं. बँडलीडरने त्यांना एक परदेशी नाव दिलं आणि पुढची कित्येक वर्षं ते त्या नावाने वाजवत राहिले. ते नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही. "ता फलकाचा नाव होता, माझा नाय," म्हणायचे.

त्यांची सगळ्यांत लाडकी गोष्ट वेगळीच होती. ती मी निदान दहा वेळा ऐकली असेन. एकदा त्यांचे वडील गावाहून मुलाला भेटायला आले. धोतर, डोक्याला टापशी, हातात फणसाची पिशवी. हॉटेलच्या दरवाज्यावरच्या माणसाने अडवलं. मास्तर पांढरा कोट घालून धावत बाहेर आले.

"त्या दरवानाक वाटला मी लाजतलंय," मास्तर सांगायचे. "मी त्याका सांगितलंय, हो माझो बापूस. ह्याका आत जागा दी."

पुढच्या दाराने जाता येणार नव्हतं, तर मास्तरांनी त्यांना मागच्या दाराने किचनमध्ये नेलं. आचाऱ्यांनी दाराशी एक स्टूल ठेवलं, तिथून स्टेज दिसायचं. त्या रात्री मास्तरांना बारा मात्रांची एकट्याने वाजवायची जागा होती. ते उठून उभे राहिले, वळले आणि नाचणाऱ्या साहेबांकडे पाठ करून किचनच्या दाराकडे तोंड करून वाजवलं. बँडलीडर संतापला.

"आणि वडील काय म्हणाले?" मी पहिल्या वेळी विचारलं होतं.

"म्हणाले, दम बरो आसा."

एवढंच. मास्तर ते सांगताना ताठ बसायचे. पुढे हॉटेलांतून नाचाचे बँड गेले, मास्तर चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवू लागले, मग इथल्या लष्करी बँडला शिकवायला ओमानमध्ये आले आणि डोंगरातल्या खेड्यांतून आलेल्या पोरांना फुंकायला शिकवत म्हातारे झाले. ह्या सगळ्याबद्दल ते दोन वाक्यांत बोलत. स्टुलाबद्दल मात्र अर्धा तास.

ही गोष्ट ऐकून झाली की मी काही तरी काम काढून उठायचो. कारण माझ्याकडेही एक गोष्ट होती. मी बारावीत असताना हॉस्टेलसमोरून एक वरात चालली होती. आम्ही पोरं रस्त्यावर नाचायला उतरलो. बँड जवळ आला तेव्हा मला लाल कोट, सोनेरी पट्ट्या आणि कलगीची टोपी दिसली. वडिलांना आमच्या गावाबाहेरची सुपारी होती, मला माहीत नव्हतं. मी एका जीपच्या मागे गेलो. वडिलांनी मला पाहिलं. आणि वाजवता वाजवता त्यांनी तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं, म्हणजे माझ्या मित्रांना आमच्या दोघांची नाकं एकसारखी दिसू नयेत. हॉस्टेल मागे पडेपर्यंत ते तसेच मान वळवून चालत राहिले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मास्तरांच्या ओमानी शिष्यांपैकी सालिम हा सगळ्यांत जवळचा. बँडमधून निवृत्त झालेला, सलालाहचा, धिप्पाड. मास्तरांचा ओमानमध्ये राहण्याचा परवाना त्याच्याच जामिनावर होता. त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी तो हलवा आणि कॉफीचा थर्मास घेऊन आला आणि म्हणाला, "उस्ताद, हम सब बुढ्ढा लोग जमा होगा. पुराना बँड. हॉल लिया है. आप एक बजायेगा. स्विंग. इन्शाल्ला."

"कब?"

"पाच हफ्ता."

सालिम गेल्यावर मास्तर माझ्याकडे वळले आणि ओठ वर केला. डाव्या दाताला बोट लावलं. दात हलला. उजव्यालाही लावलं. तोही हलला.

"सकाळचा सूर थरथरता," ते म्हणाले. "तुका कळला नाय?"

मला आठवडाभरापूर्वीच कळलं होतं. चहाचं पाणी उकळायच्या आधीच सूर तुटत होता. मी बोललो नव्हतो.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई केरळच्या, फटकळ आणि हाताने हलक्या. त्यांनी तपासलं, एक्सरे पाहिला आणि म्हणाल्या, "मास्टरजी, हड्डी गयी. दोनो निकालना पडेगा."

"बजाना है," मास्तर म्हणाले.

"ये लडका नया बना देगा. अच्छा बनाता है."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी फुगलो. आजवर मी अनोळखी माणसांचे दात केले होते. ह्या वेळी ठरवलं की आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर काम करायचं.

दात काढण्याआधी आम्ही साचा घेतला. त्या साच्याच्या प्लास्टरवर मास्तरांचे दोन दात जसेच्या तसे होते, डावा बाहेर, तिरका, मधली फट. माझ्या धंद्यात साचा कवळी नीट बसावी म्हणून घेतात. वाकडे दात वाकडे करून द्या असं कुणी गिऱ्हाईक सांगत नाही. मी सरळ, पांढरे, एकसारखे दोन दात लावले. काम झाल्यावर रीतीप्रमाणे जुनं प्लास्टर फोडून टाकलं.

हिरड्या भरल्यावर मास्तर दुपारच्या सुट्टीत लॅबमध्ये आले. आमचा दवाखाना एक ते चार बंद असतो. कवळी बसवली. आरशात पाहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिरो!" मास्तर हसले, आणि खरंच दहा वर्षांनी तरुण दिसले.

मग त्यांनी खिशातून माउथपीस काढला, ट्रम्पेटला लावला, "वन, टू, वन-टू-थ्री-फोर" मोजलं आणि फुंकलं.

हवा आली. नुसती हवा.

पुन्हा मोजलं. ह्या वेळी कुणी फुग्याचं तोंड सोडावं तसा आवाज आला. तिसऱ्यांदा त्यांनी मोजलं नाही. ट्रम्पेट मांडीवर ठेवला.

"झिला, तू माका नवरो केलंस," ते म्हणाले. रागाने नाही. "माका ट्रम्पेटवालो करूक होयो होतो."

कार्यक्रमाला बारा दिवस राहिले होते. डॉक्टरबाई आत गेल्या. मी कवळी हातात घेऊन उभा होतो. साठ वर्षं त्यांचा ओठ त्या वाकड्या दातावर टेकून बसायला शिकला होता आणि मी त्याची जागाच सपाट करून टाकली होती. साचाही माझ्याच हाताने फोडला होता.

मी कवळी त्यांना परत बसवली. "पुन्हा एकदा वाजवा," मी म्हणालो.

"कित्या?"

"वाजवा तर."

त्यांनी फुंकलं. मी डोळे मिटून ऐकलं.

"हवा डावीकडून सुटतेय," मी म्हणालो. "वरच्या ओठाला टेकायला काही नाही. ओठ दातावर बसला नाही की सूर पातळ होतो आणि वर जाताना फाटतो, बाबा म्हणतात."

मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला.

"बाबा," मास्तर म्हणाले. "म्हणजे शेतीवाले."

मी टेबल पुसायला फडकं उचललं.

"शेतात ट्रम्पेट उगवता काय रे तुमच्याकडे?"

मग मी सांगितलं. प्लास्टरच्या धुळीने भरलेल्या त्या टेबलाकडे पाहत सगळं सांगितलं. हॉस्टेल, जीप, मान फिरवणं, सगळं. मला वाटलं ते उठून जातील. ज्याने आपल्या बापाला दरवानासमोर बाप म्हटलं त्या माणसासमोर मी हे सांगत होतो.

ते उठले नाहीत. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"कपडे कसले?"

"लाल कोट. कलगीची टोपी."

"शिकवला कोणी?"

"त्यांच्या मामांनी. चौथीत शाळा सुटल्यावर."

"बँडात ट्रम्पेट किती?"

"एकच. तेच."

"एकच?" मास्तर खुर्चीत पुढे सरकले. आता मालवणी पूर्ण मोकळी सुटली, आणि ह्या वेळी राग की माया ते मला ओळखता आलं नाही. "मेल्या, सोळा माणसांत मी तिसरो ट्रम्पेट होतंय! चुकलंय तर सांभाळूक दोघे बाजूक होते. डोक्यावर पंखो होतो. बसाक खुर्ची होती. तुझो बापूस एकटो, चालत, उन्हात, पाठीमागे जनरेटर बोंबलता, पुढे पोरा नाचतत, आणि तो वरचो सूर सोडणा नाय. आणि तू शेती सांगतंस!"

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग खिशातला रुमाल पुढे केला, आणि त्यात आधी माउथपीस गुंडाळलेला असायचा हे आठवून परत घेतला. "ह्यो नको. ह्यो कामाचो." आम्ही दोघेही हसलो.

"आता त्या कानाचो उपयोग कर," ते म्हणाले. "माझो सकाळचो सूर तुका याद आसा?"

आठवत नसायला काय झालं. दीड वर्ष रोज सकाळी मी तो उशीखाली डोकं घालून ऐकला होता.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघे लॅबमध्ये बसायला लागलो. मी कवळीतला डावा दात काढून पुन्हा लावला, बाहेर, तिरका. ते फुंकत. मी ऐके. सूर जाड असला तर दाताची कड घासायची, पातळ असला तर मागून भर घालायची. नखाच्या जाडीइतका फरक केला की आवाज बदलायचा. एकदा फार घासलं गेलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. मधली फट मी विसरलो होतो, ती पाचव्या दिवशी केली. डॉक्टरबाई डबा घेऊन दारात येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "बाहर किसी को मत बोलना ये हमारे यहां बना है."

सातव्या दुपारी मास्तरांनी मोजलं आणि फुंकलं, आणि तो सूर आला. लांब, न हलणारा. मी घाईने किटलीचं बटण दाबलं. पाणी उकळून किटली आपोआप बंद झाली. मध्ये श्वासाला ते चारदाच थांबले होते.

"दम बरो आसा," मी म्हणालो.

मास्तरांनी माझ्या डोक्यात टपली मारली.

रंग तेवढा मी पुन्हा पिवळट करू का म्हणून विचारलं. "पांढरेच रवांदेत," ते म्हणाले. "स्टेजवर चमकतले." मग ट्रम्पेट पेटीत ठेवता ठेवता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हॉलात मी सगळ्यांका सांगतलंय हे दात कोणी केले. लोक विचारतले, कोणाचो झील. काय सांगू?"

"मी सांगेन," मी म्हणालो.

ते चार दिवस मला नीट झोप लागली नाही. हॉलमध्ये आमच्या इमारतीतले लोक येणार होते, दवाखान्यातले येणार होते. सगळ्यांना मी कधी ना कधी शेती सांगितली होती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी स्टेजवर वीसेक माणसं होती, पायघोळ पांढऱ्या दिशदाशात, बहुतेकांच्या दाढ्याही पांढऱ्या. मास्तर मध्ये उभे, बूट लखलखीत. त्यांनी मोजलं. बँड सुरू झाला आणि आठ मात्रांनंतर मास्तर त्यात शिरले. आधी अगदी सरळ वाजवलं, मिलिटरीसारखं. मग जरासं टेकून. हॉलमधल्या लोकांचे खांदे हलायला लागले. एका वरच्या सुरावर आवाज किंचित चिरला. मास्तरांनी भुवई उंचावली आणि तोच सूर पुन्हा घेतला, आणि ह्या वेळी तो इतका स्वच्छ लागला की चिपळूणकर माझ्या कानात म्हणाला, "आयला, म्हातारा काय वाजवतोय रे!" मी स्टेजच्या बाजूच्या दाराशी उभा होतो. शेवटच्या बारा मात्रांना मास्तर लोकांकडून वळले आणि माझ्या दाराकडे तोंड करून वाजवलं.

टाळ्या थांबल्यावर त्यांनी मला स्टेजवर बोलावलं, ओठ वर करून सगळ्यांना दात दाखवले, लोक हसले, आणि माइक माझ्या हातात दिला.

मी हिंदीत बोललो. म्हणालो, "मेरे पिताजी का नाम दत्तू है. हमारे गांव में शादी के बँड में ट्रम्पेट बजाते हैं. उनके कान से ये दांत बना है."

सालिमने ते अरबीत सांगितलं. ट्रम्पेटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने त्याला काही तरी विचारलं. सालिम माझ्याकडे वळला.

"पूछता है, कितना ट्रम्पेट है उधर?"

"एक," मी म्हणालो.

तो म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने छातीवर हात ठेवला. मग त्याच्या शेजारचे दोघेही उठले.

मास्तर आता सलालाहला सालिमच्या घरी असतात, नारळाच्या बागेशेजारी. तिथला पावसाळा कोकणासारखा आहे, फक्त मच्छी दुसरी, असं फोनवर सांगतात. नव्वदी पार केली आहे, आणि सकाळचा सूर अजून चालू आहे.

कार्यक्रमानंतर गाडीत त्यांनी मला सांगितलं होतं, "बापाशीक कळव. फोनवर नको, फोन वाऱ्यावर जाता. कागदावर लिही. कागद खिशात रवता." वडील चौथीपर्यंत शिकलेले, म्हणून मी मोठ्या अक्षरांत आणि थोडक्यात लिहिलं. ते पत्र असं होतं:

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. इथे एक ब्याऐंशी वर्षांचे मास्तर आहेत. ते मुंबईच्या मोठ्या हॉटेलात ट्रम्पेट वाजवत होते. त्यांचे पुढचे दात मी बनवले. ओठ दातावर बसला नाही की सूर फाटतो, हे तुमचं वाक्य मला आठवलं म्हणून ते जमलं. काल त्यांनी वाजवलं. हॉलमध्ये मी माइकवर तुमचं नाव सांगितलं आणि तुम्ही काय वाजवता ते सांगितलं. बँडात एकच ट्रम्पेट आहे हे ऐकून इथले जुने वाजवणारे उभे राहिले. मास्तर म्हणाले, आपण तिसरे होतो, तुझा बाप एकटा आहे.

बारावीत हॉस्टेलसमोर तुम्ही तोंड फिरवलंत. मी जीपच्या मागून पाहिलं होतं. परत असं करू नका. चूक माझी होती.

पाकिटावर तुमच्या नावाखाली मी ट्रम्पेटवादक असं लिहिलं आहे. पत्र बँडमधल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आई म्हणाली तुमचा पुढचा दात हलतो आणि जिल्ह्याला जाऊन काढणार आहात. काढू नका. मी मे महिन्यात येतो आहे. आधी मी साचा घेईन आणि तो साचा मी फोडणार नाही. तोपर्यंत पुढच्या दातांनी काही खाऊ नका, चपाती चहात बुडवून खा.

तुमचा मुलगा